आक्कांच्या लाडवांची तपासणी

"सुवर्णा गलांडे आपणच का?"

कपाळापासून घोट्यापर्यंत हळद फासलेल्या आणि पाटावर बसवलेल्या मुलीला भर मांडवात येऊन असं विचारणारी बाई सरकारी कामावरचीच असणार, हे मी मान वर करायच्या आधीच ओळखलं. पन्नाशीच्या, चष्मेवाल्या बाई. पायांत बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात निळी पेटी. ती पेटी माझ्या ओळखीची होती.

"मी देवधर. पुण्याहून आलेय. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीसाठी तुमचा नमुना हवाय. आज नऊ ते दहा घरी असाल असं तुम्हीच कळवलं होतं."

कळवलं होतं खरं. पाटावरून मी हलणार कुठं, म्हणून मुद्दाम हळदीचीच वेळ दिली होती. पण हळदीला कोणी खरंच येऊन उभं राहील, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"कोण गं ह्या?" आईनं माझ्या कानाशी विचारलं.

"चाचणीवाल्या."

"कसली चाचणी?"

"लघवीची."

हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायकांनी तोंडं मिटली. मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली, "आता लगनाच्या आदीच ही बी चाचणी करत्यात व्हय? बरंच हाय म्हणा." आईचा चेहरा माझ्या हळदीपेक्षा पिवळा पडला. ही ती चाचणी नव्हे, ही पळण्याची आहे, हे मला तिथल्या तिथं सगळ्यांना समजावून सांगावं लागलं.

मी तेव्हा पाच हजार मीटर पळायची. नाव सुवर्णा आणि घरात पदकं सगळी कांस्य, यावरून गावात बरेच विनोद झालेले होते. पण त्या वर्षी माझी वेळ चांगली येत होती. दोन महिन्यांनी आशियाई स्पर्धेची निवड होती आणि निवड झाली की खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी पक्की होती. त्यासाठी मी जे सोसत होते त्यात पळणं सोपं होतं. अवघड होतं ते रोज मोबाईलवरून कळवणं, की उद्या अमुक ते अमुक एक तास मी अमुक ठिकाणी सापडेन. तिथं सापडले नाही की एक खूण. वर्षात तीन खुणा झाल्या की दोन वर्षं घरी बसा. माझ्या दोन झाल्या होत्या. एकदा वसतिगृहाच्या वॉचमननं देवधर मॅडमसारख्याच कुणाला तरी फाटकावरून परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा मी मावशीकडे डोंगरावर गेले आणि पत्ता बदलायला रेंजच मिळाली नाही.

हे सगळं माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, म्हणजे रणधीरला, सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. रणधीर मोहिते, वारणाकाठचा, कबड्डीतला चढाईपटू. पुढं बंद पडलेल्या एका लीगमध्ये तो 'वारणा वादळ' नावाच्या संघाकडून खेळायचा.

"रोज त्या लोकांस्नी सांगतीस, कुठं झोपणार ते? मला तर फोन उचलून बी सांगत न्हाईस."

"तुमच्यात तपासणी नसते?"

"असती की. आदल्या दिशी मॅनेजरला फोन येतो. मॅनेजर ठरवतो कुणाला धाडायचं. आमच्याकडं पोपट्या हाय त्या कामाला. राखीव खेळाडू. तीन हंगाम झालं, त्याला अजून मॅटवर पाय ठेवायला मिळाला न्हाई. पण तपासणीला पयला नंबर. तिथला साहेब त्याला नावानं वळखतो."

मीही हसले होते. हसण्यासारखंच होतं. शिवाय रणधीर त्या वर्षी जिल्ह्यात हिरो होता. अंतिम सामन्याच्या शेवटच्या चढाईत चौघांनी त्याला धरलं होतं आणि त्या चौघांना फरफटत ओढत नेऊन त्यानं मधल्या रेघेला हात लावला होता. तो व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलवर होता. गंमत म्हणजे कुणी तो लावला की रणधीर उठून पाणी प्यायला जायचा. मला वाटायचं, लाजतो.

देवधर मॅडम माझ्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसल्या. नमुना देईपर्यंत मी त्यांच्या नजरेआड होता कामा नये, असा नियम होता. आमच्या बायकांचा नियम असा, की रांगेत बसलेल्या सवाष्णीला हळद लागलीच पाहिजे. पाचच मिनिटांत मॅडमच्या दोन्ही गालांवर आणि चष्म्याच्या एका काचेवर हळद होती. त्यांनी रुमालानं काच पुसली आणि पुन्हा माझ्याकडे बघत बसल्या.

तेवढ्यात वाजंत्री वाजली आणि उष्टी हळद आली. वऱ्हाड आदल्या दिवशीच येऊन गावच्या शाळेत उतरलं होतं. नवऱ्याला लावलेली हळद घेऊन त्यांच्या बायका आल्या होत्या आणि रीत नसताना सासूबाई स्वतः पुढं होत्या. सगळं जग त्यांना आक्का म्हणायचं. फार मायेची बाई. साखरपुड्यात माझे दंड चाचपून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तेव्हापासून दर आठवड्याला एसटीबरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा यायचा. आताही त्यांच्या हातात तसाच डबा होता.

"घ्या की बाई," त्यांनी पहिला लाडू देवधर मॅडमपुढं धरला. पाहुणी बघितली की आक्कांचा हात डब्यात जायचाच.

"मी कामावर असताना काही घेत नाही."

"आवं, ताकदीचा हाय. म्हैना झाला, पोरीला रोज एक खायला लावलाय. कशी वाळून कोळ झालती. आता बघा गालावर तेज." आणि मग आक्का अभिमानानं, मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रणधीरची पावडर घालतो आमी ह्यात. त्येच्या संघाच्या डाक्टरनं दिल्याली. लई जपतो त्यो डबा, लगनाला बी संगं आणलाय, कुणाला हात लावू देत न्हाई. मी आपली मूठमूठ काढून घेतली. त्येला बी पत्ता न्हाई."

देवधर मॅडमचा कागद भरणारा हात थांबला.

मी बाहेर पाणीसुद्धा स्वतः सील फोडल्याशिवाय पीत नसे. सर्दी झाली तर आल्याचा तुकडा चघळायची, पण गोळी घ्यायची नाही. बाजारातला पावडरीचा डबा म्हणजे विष, हे आमच्या कोचनी डोक्यात खिळा ठोकावा तसं ठोकलं होतं. पण सासूच्या हातचा लाडूही त्याच डब्यातून येऊ शकतो, हे कोचना सुचलं नव्हतं आणि मलाही नाही. मी महिनाभर रोज एक लाडू खाल्ला होता. मिटक्या मारत खाल्ला होता.

"मॅडम, मी एक फोन करू का?"

"करा. माझ्यासमोर करा."

रणधीर शाळेत, स्वतःच्या हळदीतून नुकताच उठलेला. चारचौघींत असल्यामुळे मला भांडणसुद्धा अहोजाहो करून करावं लागलं.

"ती पावडर कसली आहे तुमची?"

"कुठली पावडर?"

"तुमच्या डॉक्टरची. जी तुमच्या आईनं मला महिनाभर लाडवातून खायला घातली. इथं चाचणीवाल्या मॅडम आल्यात."

पलीकडची सनई लांब गेली; तो गर्दीतून बाजूला सरकला असावा. मग तो म्हणाला, "उपाध्ये डॉक्टर म्हणालाय, ती सापडत न्हाई."

"सापडत नाही म्हणजे?"

"म्हंजे आजवर कुणाला सापडली न्हाई."

"तुमच्यात कुणी शोधलीय का?"

तो घाईघाईनं म्हणाला, "हे बघ, त्या बाईस्नी म्हण, आज हळद हाय, परवा या. तुमच्या मॅनेजरला फोन लावायला सांग की."

"माझी मॅनेजर हळद लावून पाटावर बसलीय."

"मग देऊच नको."

"नाही दिली तर चार वर्षं बंदी. दिली आणि सापडलं तरी चार वर्षं. फक्त ते पोटात कुठून आलं हे दाखवता आलं तर बंदी कमी होते."

"दाखवायचं म्हंजे?"

"डबा. डॉक्टरचं नाव. तुमचं नाव."

नव्या हंगामाचा त्याचा करार आठवडाभरापूर्वी झाला होता, त्याच्या जोरावर घरावर मजला चढत होता, हे मला माहीत होतं. मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, असा विचार करण्याइतकी मोठ्या मनाची मी तेव्हा नव्हते आणि आताही नाही.

"कागदावर नुसतं लाडू लिही," तो हळू आवाजात म्हणाला. "पावडरीचं लगीन झाल्यावर बघू."

मी फोन बंद केला. मला इतका राग आला होता की हळद तडकून गालावरून गळून पडेल असं वाटलं. दहा वर्षं मी पहाटे उठून माणदेशाच्या फुफाट्यात पळाले होते आणि हा माणूस म्हणत होता, लगीन झाल्यावर बघू.

आक्का माझ्याकडे बघत उभ्या होत्या. डबा अजून हातात होता. "सुवर्णा, बाळा, माझं काय चुकलं का गं?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मी म्हटलं, "नाही आक्का. बसा तुम्ही."

देवधर मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला. "मागच्या सात दिवसांत जे घेतलं असेल ते इथं लिहायचं. मी काय ऐकलं ते मी लिहिणार नाही, तुम्हाला काही सुचवणारही नाही. नमुना झाल्यावर सही करताना भरलंत तरी चालेल."

मग आमचं घरगुती ऑलिंपिक सुरू झालं. कारण मला लघवी लागेना. पळाल्यावर लागत नाही हे माहीत होतं, संतापल्यावरही लागत नाही हे त्या दिवशी कळलं. अख्खं गाव मला पाणी पाजायला धावलं. मॅडम म्हणाल्या, सीलबंद बाटलीच हवी. तर पंगतीसाठी आणलेलं बाटल्यांचं खोकंच बायकांनी माझ्यासमोर आणून फोडलं. एकीनं नळ सोडून ठेवला, का तर आवाजानं होते. लहान पोरांना करतात तसं दुसरी तोंडानं शूऽऽ करू लागली आणि तिच्यामागं अख्खी रांग शूऽऽ करू लागली. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्यांनी याहून वाईट पाहिलं असावं.

शेवटी लागली. आता नवीनच अडचण. संडास परसात, म्हणजे मांडवाबाहेर, आणि हळद लागलेली पोर मांडवाबाहेर जात नाही. आईनं माझ्या हातात लोखंडी अडकित्ता दिला, बाहेरचं काही लागू नये म्हणून. अशी आमची वरात निघाली. पुढं अडकित्ता घेतलेली मी, मागं प्लास्टिकचा पेला घेतलेल्या देवधर मॅडम, त्यांच्यामागं आई.

"दार उघडं राहील," मॅडम म्हणाल्या. "बाह्या कोपरापर्यंत वर. आणि हाताची हळद धुवा, नमुन्यात एक कण पडता कामा नये."

"आवं मॅडम, पोरीची लाज..." आई म्हणाली.

"मीही पाठ फिरवली असती हो ताई," मॅडम पहिल्यांदाच जरा माणसासारखं बोलल्या. "पण एका खेळाडूपुढं एकदा फिरवली होती. तिनं खिशातून दुसऱ्याचीच बाटली काढली."

आईनं स्वतः पाठ फिरवली. नमुना झाला. मॅडमनी त्यात एक उपकरण बुडवलं आणि मान हलवली. "फार पातळ आहे. पाणी जास्त झालं. पुन्हा द्यावा लागेल."

आम्ही परत मांडवात आलो आणि मी पाटावर बसले. रडायला येत होतं. नमुन्यामुळे नाही, त्या कोऱ्या कागदामुळे. नुसतं 'लाडू' लिहिलं तर रणधीर वाचणार होता, मी बुडणार होते आणि आयुष्यभर त्याच्या ताटात वाढताना मला ते आठवणार होतं. सगळं लिहिलं तर लग्न तिथंच मोडणार होतं.

तेवढ्यात वेशीकडून आरडाओरडा ऐकू आला. "आवं धरा त्येला! हळदीच्या अंगानं कुठं चाललाय!"

गावातल्या रस्त्यानं नवरदेव पळत येत होता. अंगात बनियन, कमरेला धोतराचा पंचा, सगळं अंग पिवळंधमक. एका हातात नवरदेवाची कट्यार, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. मागं त्याचे चुलते आणि सनईवाला. मी इतकी वर्षं पळणारी माणसं पाहिलीत, पण इतकं वाईट पळताना कुणाला पाहिलं नाही. कबड्डीवाल्यांना सरळ पळायची सवय नसते.

तो मांडवात शिरला आणि मॅडमच्या समोर त्यानं डबा ठेवला.

"ही पावडर माझी हाय. लिहून घ्या. रणधीर मोहिते, वारणा वादळ, जर्सी सात नंबर. हिला काय बी ठावं नव्हतं."

मॅडमनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी तुमच्यासाठी आलेली नाही."

"मग माझा बी नमुना घ्या. आत्ता देतो."

"तुमचं नाव माझ्या कागदावर नाही."

"आमचं नाव कुणाच्याच कागदावर नसतं वं, बाई," रणधीर म्हणाला. धापा टाकत तो माझ्याकडे वळला. "लिही. सगळं लिही, डाक्टरचं नाव बी लिही. तू फोन ठेवलास आन् मला वाटलं, मी तुझा बी पोपट्याच केला. माझ्या जागी तुला धाडलं."

माझं लग्न खरं तर त्या घटकेला झालं. दुसऱ्या दिवशी पडल्या त्या नुसत्या अक्षता. पण तेव्हा तसं बोलायला वेळ नव्हता, कारण मला पुन्हा लघवी लागली होती.

दुसरा नमुना चालला. दोन बाटल्यांत भरला, झाकणं फिरवून बंद झाला. मी कागदावर सगळं लिहिलं. लाडू, डिंक, पावडर, उपाध्ये, मोहिते. नियमामुळे डबा मॅडमना नेता येईना, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून आम्ही तो चिकटपट्टीनं बंद केला आणि वर भटजींनी नि फोटोग्राफरनं साक्षीदार म्हणून सह्या केल्या. फोटोग्राफरनं फोटोही काढला. आमच्या अल्बममध्ये हळदीच्या पानावर तो अजून आहे. मधोमध डबा, दोन्हीकडं आम्ही पिवळे आणि कडेला गालाला हळद लागलेल्या देवधर मॅडम.

निकाल यायला महिन्याच्या वर लागला. नव्या संसारातला तो महिना कुणाला लागू नये. डबा कपाटावर बसून आमच्याकडे बघायचा. आक्कांनी गोडाधोडाला हात लावणं सोडलं. मी रोज पळायची, कारण दुसरं काही येत नव्हतं. रणधीर सरावाला जायचा आणि परत येऊन डब्याकडं पाठ करून बसायचा. भांडायला आमच्याकडे भरपूर कारण होतं, पण दोघांनाही धीर झाला नाही.

एका संध्याकाळी कोचचा फोन आला. मी अंगणात होते. ऐकून घेतलं आणि आत येऊन सांगितलं, "काही सापडलं नाही. निकाल स्वच्छ आहे."

आक्का देवापुढं जाऊन डोकं टेकून आल्या. मी भिंतीला टेकून रडले. रणधीर मात्र तसाच उभा राहिला.

"काय न्हाई सापडलं? म्हैनाभर खाल्लीस की."

"रोज."

त्यानं कपाटावरचा डबा काढला, मोटारसायकलला किक मारली आणि उपाध्ये डॉक्टरकडे गेला. दिवेलागणीला परत आला. डबा फुटलेला होता, म्हणजे पट्टी काढलेली होती. तो ओट्यावर बसला आणि डॉक्टरनं जे सांगितलं ते त्यानं मला सांगितलं.

"सातूचं पीठ हाय म्हणाला. दुधाची पावडर आन् वास यायला जराशी सुंठ. म्हणाला, तुम्हा पोरांस्नी कोण तपासतंय? मी न्हाई म्हटलं असतं तर तुम्ही दुसरीकडनं खरंच कायतरी आणून खाल्लं असतं. म्हणून देत हुतो."

मला हसू फुटलं. तीन हंगाम 'वारणा वादळ' सातूच्या पिठावर घोंघावत होतं, हे एकदा डोक्यात आल्यावर मला आवरेचना. रणधीर हसला नाही. तो हातातल्या झाकणाशी चाळा करत होता.

"सुवर्णा, मग फायनलची ती चढाई?"

"तिचं काय?"

"ती पावडरीची नव्हती?"

तेव्हा मला तो पाणी प्यायला का उठायचा ते कळलं. माझं हसू थांबलं. मी म्हटलं, "तुझीच होती. मी दोन-दोनदा नमुना देऊन सिद्ध केलंय."

त्यानं हात पुढं केला. मी मोबाईलवर तो व्हिडिओ लावून दिला. ओट्यावर अंधार पडत आला होता आणि त्याच्या तोंडावर त्या पडद्याचा उजेड होता. सगळ्या जिल्ह्यानं पाठ केलेली ती चढाई तो पहिल्यांदा बघत होता. ओठ हलत होते, कबड्डी कबड्डी.

आतून आक्कांनी हाक मारली. "ताटं वाढली रं. चला."

"थांब आक्का," तो मान वर न करता म्हणाला. "अजून मधली रेघ यायची हाय."